पाळण्याची उलटी फळी

त्या सुताराचं नाव मी विचारलं नाही. जुन्नरच्या कॉलेजला जायला मी वारूळवाडीत त्याच्या दुकानासमोर एसटीची वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या नातवाचं बारसं होतं आणि पाळणा आजोळचाच हवा. घाईत त्यानं एक फळी उलटी चिकटवली होती. कोरलेली फुलं आत गेली होती.

ती सोडवायला शेजारच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री दिली, पण टोमणाही मारला. "लोकाचं सरळ आन् घरचं उलटं व्हय, राव?"

"हस लेका. पण इस्त्री गरम ठिव."

सुतारानं सांध्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली. मधूनमधून तो लाकडावर तळहात ठेवी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला म्हणाला, "वढायचं न्हाई, लाकूड फाटंल. गम मऊ झाला की आपसूक सुटतंय."

फळी खरंच सुटली. त्यानं जुना गम खरवडला, फळी फिरवून जागेवर नुसती बसवली, पण नवा गम लावण्याआधी थांबला. इस्त्रीवाल्याला विचारलं, "फुलं भाईर आली का?" मग मला, "भाऊ, तुमी बी बघा."

वर्गात काही कळलं नाही तरी विचारायचा मला धीर होत नसे. हा माणूस स्वतःच्या कामाबद्दल अनोळखी पोराला विचारत होता.

मी पाळण्याभोवती फेरी मारली आणि म्हणालो, "आली."

मगच त्यानं गम लावला.