शेवटचं पान

साताऱ्याचे शहाणेकाका फक्त रहस्यकथांचा दिवाळी अंक काढतात. काल मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते नव्या कथेचं शेवटचं पान न वाचता टेबलावरच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवत होते. उरलेल्या पानांवरून शेवट ओळखता आला, तर कथा साभार परत. माझ्या तीन कथा अशाच परत आल्या. चौथी छापली, तोवर मी लिहायला शिकले होते.

मोठ्या प्रकाशकाकडे आम्ही लेखक पोचतो ते असल्या टेबलांवरून. पुस्तकावरच्या लेखक-परिचयात मात्र ही टेबलं नसतात.

मी माझा नवा संग्रह पुढे ठेवला. काकांनी मागचा परिचय न वाचताच तळहाताने झाकला.

"यात आमच्या अंकाचं नाव नाही. बरोबर?"

मी मान खाली घातली. त्यांनी हसत पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "ओळखता आलं. साभार परत."