मिस्त्रीची तबकडी

मिस्त्री कानाने बघायचा. कुरकुरणाऱ्या इंजिनावर पेचकसाचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "वॉल्व्ह गेलाय. चा पिऊन या, तवर खोलतो." माजलगावात त्याचं निदान चुकल्याचं कुणाला आठवत नाही. माणसंही तो तशीच ऐकायचा. "इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की हसायचा. "खोटं हाय बे. आवाजात कळतंय."

सत्तरच्या दशकात आम्हा कॉलेजच्या पोरांना विलायती रॉकचं वेड लागलं, तेव्हा इलेक्ट्रिक गिटार त्यानेच बनवली. फळी जुन्या दाराची, लोहचुंबक भंगारातल्या डायनामोचं. ती वाजवायचाही तोच. एक मित्र ड्रमवर बसे आणि मी गायचो.

आमचं जे एक गाणं गाजलं, ते माझं म्हणून लोक ओळखतात. ते माझं नाही. शब्द मिस्त्रीचे, चालही त्याचीच. सिंदफणेला पूर आला तेव्हा मळ्यातलं इंजिन बंद करून वर आणायला त्याचा धाकटा भाऊ खाली उतरला होता. मिस्त्री बांधावर उभा राहून ठोके ऐकत होता. एक ठोका चुकला. इंजिन पुन्हा चाललं, पुन्हा चुकलं. मग काहीच ऐकू आलं नाही. भाऊ सापडला तो तिसऱ्या दिवशी.

गाण्यात तोच ठोका आहे. तालमीत ड्रमवाला कंटाळून म्हणाला, "मिस्त्री, इथं ताल तुटतो. सरळ करू का?"

"न्हाई. त्यो तसाच तुटला व्हता."

मुंबईला ध्वनिमुद्रण झालं त्या दिवशी तिथल्या यंत्राचा फ्यूज उडाला. मिस्त्री आतल्या खोलीत तो बांधत होता. बाहेर कंपनीच्या माणसाने वही उघडून विचारलं, "गीत-संगीत कुणाचं?" मी माझं नाव सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आत जाऊन विचारायला दहा पावलंही लागली नसती.

तबकडी निघाली. माजलगावपासून दिंद्रुडपर्यंत चहाच्या हॉटेलांत ती वाजू लागली. मिस्त्री चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, मराठी अक्षरं त्याला येत नसत. तबकडी त्याने माझ्यासमोर धरली. "नाव वाच बे. कुनाचं हाय?"

"तुझंच," मी म्हणालो.

मग तबकडी पुसून त्याने ती दुकानात खिळ्याला टांगली. त्या नावावर मला सत्कार मिळाले, शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी मिळाली. तो इंजिनं खोलत राहिला. गिटारला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. कधी विचारलं तर म्हणे, "बोटं जाड झाली." दर जुम्म्याला दुकान बंद असे, तेव्हा मी चहाला जायचो. आज सांगू, असं ठरवूनच घरून निघायचो.

यंदा ती तबकडी नव्याने काढायची म्हणून पुण्याची काही मुलं आली. त्यांना मी खरं नाव लिहून दिलं. ते लिहायला हात धजावला, कारण महिन्याभरापूर्वी मिस्त्री गेला होता.

त्याच्या मुलीकडे जाऊन सगळं कबूल केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"चाचा, मी दुसरीत असतानाच अब्बांना ते नाव वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, ठाऊक हाय. त्यानं वाचलं तवाच आवाजात कळलं."

"मग तो बोलला का नाही?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाले, त्यो सोताच सांगंल. दर जुम्म्याला येतोय की."

दर जुम्म्याला मी जात होतो. पाऊसपाणी, बाजार, दुखणारे गुडघे, सगळं बोलत होतो. मी बोलू लागलो की मिस्त्री डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, वय झालं, डुलकी लागते.