सव्वीस सह्या आणि चार घरे

त्या प्रकरणाचा क्रमांक आज मला सांगता येणार नाही. पण मूळ कागद लिफाफ्यातून बाहेर काढताच जो मंद वास दरवळला, तो इतक्या वर्षांनंतरही मी डोळे मिटून ओळखेन. पोलीस ठाण्यातल्या कागदांना धुळीचा, शाईचा, फार तर घामाचा वास असतो. त्या कागदाला अत्तराचा वास होता.

मी तेव्हा जबलपूरमधल्या एका ठाण्याची प्रमुख होते. इकडे ठाणेप्रमुखाला 'टी.आय.' म्हणतात, म्हणून मी सगळ्यांची 'टी.आय. मॅडम'. आमचे घराणे मूळचे अमरावतीकडचे. घरात मराठी आणि ठाण्यात हिंदी, अशा दोन भाषांच्या काठांवर माझी सारी नोकरी झाली.

चैत्रातली सकाळ होती. मुन्शी रोजनामच्यात रात्रीच्या गस्तीची नोंद उतरवत होता. पन्नाशी ओलांडलेली एक बाई आत आली. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. शिवणकाम अर्धवट टाकून ती उठून आली असावी. तिने अर्ज पुढे केला आणि माझ्या नावाच्या पाटीकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमी आपल्याकडच्या आहा. मंग मी मराठीतच सांगते."

शहरातल्याच गोरखपूर भागातल्या एका वसाहतीत तिचे दोन खोल्यांचे घर होते. नवरा कारखान्यात कामगार. बारा वर्षांपूर्वी वारला. घराच्या मागच्या भिंतीला लागून मोठा मोकळा भूखंड होता आणि तिथे एका व्यावसायिकाला 'फन झोन' उभारायचा होता: खेळयंत्रे, खाण्याचे ठेले आणि मधोमध नाचगाण्याचा मंच. नकाशात तो मंच नेमका तिच्या झोपायच्या खोलीमागे आला होता. वस्तीला लागून असा धंदा सुरू करायचा, तर शेजाऱ्यांची लेखी संमती लागे. त्याच्या परवानगीच्या अर्जाला सव्वीस घरांच्या सह्या जोडल्या होत्या. तिचे म्हणणे एवढेच की त्या सह्या खोट्या आहेत. परवानगीची सुनावणी आठ दिवसांवर आली होती.

"खोट्या कशावरून?" मी विचारले.

"आमच्या गल्लीतली एकही बाई याच्यावर सही करणार नाही, मॅडम. घरोघरी लेकरं शिकून राहिली, म्हातारी माणसं आहेत. सही कोण करते?" मग तिचा आवाज खाली आला. "दलाल दोनदा येऊन गेला. म्हणते, अम्मा, अभी बेच दो, बाद में कोई नहीं लेगा. पुण्याचा लेकही म्हणून राहिला, आई, घर वीक आणि इकडं ये. काहून विकू मी? त्या मागच्या भिंतीवर पाणी मी मारलं आहे. सातवा महिना होता मले तवा."

मी अर्ज दाखल करून घेतला आणि चौकशी स्वतःकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी संमतिपत्राची छायाप्रत मिळवून वसाहतीतल्या बायकांना ठाण्यात बोलावले. पहिली आली ती एका बँक कारकुनाची पत्नी. तिने चष्मा वरखाली केला, कागद उजेडात धरला आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"सही तर माझीच आहे."

"कधी केली?"

"देवाशप्पथ आठवत नाही, दीदी. पण वेलांटी माझीच आहे."

दुसरीने तेच सांगितले, तिसरीने तेच. संध्याकाळपर्यंत एकोणीस बायका येऊन गेल्या. प्रत्येकीने स्वतःची सही ओळखली आणि एकीलाही ती केल्याचे स्मरत नव्हते. व्हरांड्यात मात्र वेगळाच खटला सुरू झाला होता. "तुझ्याच नवऱ्यानं करवली असंल, त्याची ऊठबस आहे तिकडं!" "आणि तुझा दीर तिथं मॅनेजर व्हायला निघाला होता, ते विसरली?" वर्षानुवर्षे एकमेकींच्या घरचे विरजण नेणाऱ्या बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अर्जदार बाई एका कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिच्या बाजूने बोलणारे आता कोणीच उरले नव्हते.

माझे जुने प्रधान आरक्षक, म्हणजे आपल्याकडचे हवालदार, गंभीरपणे म्हणाले, "मॅडम जी, केस तो गया. दस्तखत असली हैं, तो धोखा कैसा?" चौकशी बंद करण्याचा मसुदा त्यांनी तयारच ठेवला होता. कायद्याने त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मीही दोन दिवस त्या छायाप्रतीकडे पाहत स्वस्थ बसले. ही माझी चूक होती आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. छायाप्रत म्हणजे कागदाची सावली. सावलीला ना रंग असतो, ना गंध.

चौथ्या दिवशी मी परवानगी शाखेला पत्र देऊन मूळ कागद मागवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो तत्परतेने दिला. दोन पंचांसमक्ष जप्ती पंचनामा केला, लिफाफा उघडला, आणि तो वास आला. छायाप्रतीत जे करडे डाग शाईचे म्हणून मी सोडून दिले होते, ते इथे रंगीत होते. तिसऱ्या सहीशेजारी बोटाचा पिवळा ठसा. अकराव्या सहीखाली लाल कणांची बारीक रेघ. मी फूटपट्टी मागवली. संमतीचा मजकूर असलेले पहिले पान पूर्ण लांबीचे होते. सह्यांची दोन पाने मात्र बोटभर आखूड होती, आणि त्यांची वरची कड किंचित नागमोडी होती, कात्री थांबून पुन्हा चालवल्यावर होते तशी.

हळद, कुंकू, अत्तर. मी गल्लीचा नकाशा टेबलावर पसरला आणि सह्या असलेल्या घरांवर एकेक खूण केली. गल्लीत घरे तीस. चार कोरी राहिली. त्यांत अर्जदार बाईचे घर होते, आणि भूखंडाला सर्वांत लागून असलेली घरेही हीच. संमती गोळा करणारा माणूस पहिल्यांदा ज्यांच्या दारी जाईल, नेमकी तीच घरे सुटली होती.

"इन चार घरों में कौन रहता है?" मी बीटच्या शिपायाला विचारले.

त्याने वही उघडली. "एक तो अपनी आवेदिका, मॅडम. दूसरे में रिटायर्ड नर्स, पति नहीं रहे. तीसरे में एक बुज़ुर्ग माताजी, विधवा. चौथी को आदमी छोड़ गया है."

खोलीत पाच माणसे होती आणि त्या क्षणी ती वही फक्त मला वाचता आली. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणाच्या दारी बोलावणे जाते आणि कोणाच्या जात नाही, हे मला परकर-पोलक्याच्या वयापासून पाठ होते.

मी बायकांना पुन्हा बोलावले आणि या वेळी सहीचे नावही काढले नाही. "यंदा हळदीकुंकवाला कुठे कुठे गेला होतात?" एवढेच विचारले. चेहरे उजळले. वसाहतीच्या सभागृहात मोठा थाट होता म्हणे! गुलाबपाणी, अत्तर, तिळाच्या वड्या. सगळे एका मुलीने घडवून आणले होते, 'आपल्यातलीच आहे, गोड बोलते'. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा डबा. "आणि डबा मिळाला म्हणून सही घेतली तिनं. म्हणाली, काकू, ऑफिसात दाखवावं लागते." बोलता बोलता बँक कारकुनाची पत्नी थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"तो डबा आणून द्या," मी म्हटले.

"अगंबाई! त्यात मी तुरीची डाळ भरली, मॅडम."

"डाळ काढून घ्या, डबा द्या."

"नुसता डबा? झाकण ठेवू का मले?"

"झाकणही पुराव्यातच येतं, ताई."

चार दिवसांनंतर ठाण्यात प्रथमच हशा पिकला. आलेल्या प्रत्येक डब्याच्या बुडाशी एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याच व्यावसायिकाच्या पेढीचे नाव छापलेले होते.

पाचव्या दिवशी त्या मुलीला चौकशीसाठी आणले. पंचविशीची, नेटकी, समारंभ भरवण्याचा व्यवसाय करणारी. मी महिला आरक्षकाला शेजारी बसवले आणि मुलीला पाणी दिले. आवाज चढवून सत्य बाहेर येते यावर माझा कधीच विश्वास नव्हता. खोटे बोलणारा माणूस उत्तरे पाठ करून येतो. त्याने पाठ न केलेला प्रश्न शोधावा लागतो.

"मी घरोघरी गेले, मॅडम. सबको पढ़कर सुनाया, मग सह्या घेतल्या," ती एका दमात म्हणाली.

"चार घरं राहिली."

"त्या घरी नव्हत्या."

"चौघीही?"

"हो."

"शिवणवाल्या काकू दिवसभर मशीनवर असतात. आवाज गल्लीच्या तोंडाशी येतो. त्याही नव्हत्या?"

ती पेल्याशी चाळा करू लागली. मी पुढे म्हटले, "परत जायचं होतं मग. सगळ्यांत जवळचं घर त्यांचंच. त्यांना का सोडलं?"

तिला माझा कंटाळा आला असावा. कळायला हवे असूनही न कळणाऱ्या मावशीला समजवावे तशी ती म्हणाली, "तुम्ही पण ना, मॅडम! त्यांना कसं बोलावणार?"

मी लेखणी खाली ठेवली. वरचा पंखा कुरकुरत होता. मग हळू विचारले, "बोलावणार? तू तर घरोघरी गेली होतीस ना?"

तिच्या हातातल्या बांगड्यांची किणकिण थांबली. नंतर ती रडली, आणि रडणे ओसरल्यावर तिने सगळे सांगितले. मूळ पानांवर वर 'वाण मिळाले' अशी ओळ होती. ती कापायला व्यावसायिकाच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. फोनमध्ये त्याचा संदेश शाबूत होता: 'ऊपर वाली लाइन काट देना.' फोन जप्त झाला, बयान नोंदवले गेले, फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला.

व्यवस्थापक वकिलासह आला तो हसतमुखाने. "मैडम, संस्कृति का कार्यक्रम था. आप तो खुद महाराष्ट्रीयन हैं."

"इसीलिए पकड़े गए," मी म्हटले. प्रधान आरक्षकांनी मिशीवरून हात फिरवला आणि बंद करण्याचा तो मसुदा माझ्यासमोर फाडून टाकला.

त्या दुपारी एका वजनदार माणसाचा फोन आला. प्रकरण आपसात मिटवावे, असा गोड सल्ला होता. मी तो शांतपणे ऐकला आणि फोन ठेवल्याबरोबर वेळेसह रोजनामच्यात नोंदवला. नोंदवल्याचे त्यांना कळवलेही. दुसरा फोन आला नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी माझा अहवाल परवानगी शाखेत पोहोचला होता.

सुनावणीच्या खोलीत मी मागच्या भिंतीशी उभी होते. एकामागून एक सव्वीस बायका उठल्या. कोणाचा आवाज थरथरत होता, कोणाचा खणखणीत होता, वाक्य मात्र सर्वांचे एकच होते: "सही माझी आहे, संमती माझी नाही." शेवटी अर्जदार बाई उठली. तिने भाषण केले नाही. "माह्यी सही नाही, संमती नाही, आणि घर विकायचं नाही," एवढे म्हणून ती बसली. परवानगी नाकारली गेली. वर्दीतल्या माणसाने अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा असतो. त्या दिवशी मला ते जमले नाही.

बाहेर पायऱ्यांवर बायका तिच्याभोवती घुटमळत होत्या. कोणीतरी पुटपुटले, "काकू, चुकलं आमचं." तिने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आजवर कोणी बोलावलं नाही तर जीव जळायचा, मॅडम. यंदा न बोलावल्यानंच घर राहिलं माह्यं." आणि लगेच त्यांच्याकडे वळून, "चला आता. डबे तर मॅडमनं जमा केले, डाळी उघड्या पडल्या असतील तुमच्या!"

माझ्या सेवेत याहून मोठे, वर्तमानपत्रात गाजलेले तपास झाले. तरी कोणी विचारले की मी हेच सांगते, आणि अभिमानाने सांगते. कागदावर काय आहे हे पाहायला प्रशिक्षणात शिकवतात. कागदावर कोण नाही हे पाहायला मला त्या चार घरांनी शिकवले. पुढे साक्षीदारांची असो की लाभार्थ्यांची, प्रत्येक यादी मी गाळलेल्या जागांपासून वाचू लागले.

पण अभिमानाशेजारी एक गोष्ट बसलेली आहे. त्या मुलीची चूक मला ओळखता आली, कारण ती माझ्या परिचयाची होती. वीस वर्षे मी पोलीस वसाहतीत हळदीकुंकू करत आले होते आणि काही दारे मीही न थांबता ओलांडली होती.

पुढच्या संक्रांतीला मी पहिले बोलावणे घेऊन आमच्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदाराच्या क्वार्टरवर गेले. तिचा नवरा अपघातात गेल्याला सहा वर्षे झाली होती. दार उघडून तिने मला पाहिले आणि घाईने पदर सावरला.

"मॅडम? सुट्टी रद्द झाली काय माझी?"

"नाही गं. उद्या संध्याकाळी घरी ये."

"कोणत्या कामासाठी?"

मी कारण सांगितले. तिने दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "येते. पण सही नाही करणार हं मी कुठं."