रविवारचा डबा

नवी मुंबईत सीवूड्सला आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये काका-काकू राहायचे. मुलगा परदेशात, घरात दोघंच. काकूंना डायबिटीस होता, गुडघे गेलेले, त्यामुळे रविवारी त्या स्वयंपाकाला सुट्टी द्यायच्या आणि जवळच्या जासई गावात घरी डबे करणाऱ्या ताईंकडून डबा मागवायच्या. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांत, आमच्याकडेही, तो डबा यायचा. बहुतेकांना कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि कोशिंबीर. काकूंना मात्र वरण, भाजी, कोशिंबीर. लग्नानंतर त्यांनी सामिष सोडलं ते कायमचं.

एका सोमवारी बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना जुलाब सुरू झाले. मलाही पोटात कळा आल्या, पण मी सावरले. काकू सावरल्या नाहीत. ताप चढत गेला, जंतू रक्तात उतरले आणि आठवडा संपायच्या आत त्या हॉस्पिटलमध्येच वारल्या. काकांना तो निरोप मीच दिला. ते शांतपणे म्हणाले, "बरं," आणि गॅसवरचा चहा बंद करायला आत गेले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "काकू तर चिकन खातही नव्हत्या. म्हणजे त्या बाईच्या हातांचीच घाण." दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनला सांगून ठेवलं, जासईचा डबा आत घ्यायचा नाही.

मी बेलापूरला एका प्रयोगशाळेत जंतूंचा जीनोम वाचायचं काम करते. साध्या तपासणीत जंतूचं आडनाव कळतं, साल्मोनेला. पण साल्मोनेला काय, ढिगाने आहेत. जीनोम अक्षर न् अक्षर वाचला, की त्याचं घर, त्याची भावकी कळते. हा कोणाचा, कुठून आला, ते सांगता येतं. काकूंच्या रक्तातला जंतू हॉस्पिटलकडून आमच्याकडेच आला. नळीवर नाव नव्हतं, पण वय आणि तारीख वाचून मला कळलं. हातमोजे घालून मी बसले आणि थोड्या वेळाने उठून बाहेर गेले. मग परत येऊन काम केलं.

नमुने गोळा करायला आरोग्य विभागाची माणसं गेली, त्यांच्याबरोबर मी होते. ताईंना शौचाचा नमुना मागितला, तेव्हा त्यांनी मान खाली घातली, पण दिला. त्यांच्यात काहीच सापडलं नाही. त्या जिथून कोंबडी घ्यायच्या, त्या दुकानातल्या मांसात आणि खाटकाच्या ओंडक्यावर मात्र सापडलं. दुकानदाराने पुरवठादाराचं गाव सांगितलं आणि आम्ही पनवेलच्या पलीकडच्या एका पोल्ट्रीवर पोचलो. शेडमधल्या विष्ठेतही तोच जंतू. काकूंच्या रक्तातल्या, दुकानातल्या आणि शेडमधल्या जंतूंचे जीनोम शेजारी शेजारी मांडले, तर फरक जवळजवळ नव्हताच.

निकाल घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा ती पाखरं कधीच विकली गेली होती. शेडमध्ये नवीन पिवळी पिल्लं चिवचिवत होती. पोल्ट्रीवाला म्हणाला, "मॅडम, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. माझी फक्त शेड आणि लाइट बिल. पिल्लं येतानाच काय घेऊन येतात, मला काय माहीत?" खोटं बोलत नसावा. शेड कशी धुवायची ते आम्ही समजावलं, कंपनीला पत्र पाठवलं.

ताईंना सांगायला मी एकटीच गेले. वाटत होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या.

"ताई, तुमच्यात काही नव्हतं. जंतू कोंबडीबरोबर आला, पोल्ट्रीतून."

"पन काकू तं कोंबडी खाईत नव्हत्या."

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि उत्तर विचारल्याशिवाय मिळणार नव्हतं. "कोंबडी कशावर चिरता?"

"विळीवर."

"आणि काकडी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तीच विळी. धुतली व्हती मी. पान्यानं."

पाण्याने जंतू जात नाही, हे मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे माज्याच हातशी गेल्या त्या."

"असं नाही ताई. मुळात तो कोंबडीत असायलाच नको होता." मी आणखी बरंच बोलले. त्यांनी ते ऐकलं असेल असं वाटत नाही.

सेक्रेटरींना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आम्ही तेच म्हणत होतो ना!" पोल्ट्रीचं नाव त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ज्या दुकानात आमची सोसायटी चिकन घेते, तिथेही त्याच भागातली गाडी येते, हे सांगितलं तर म्हणाले, "आपण नीट शिजवतो."

काकांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती बाई आता काय करते?"

"डबे बंद झालेत."

"तिला सांग, माझा डबा चालू कर. मला एकट्याला किती लागतं?"

मी फोन केला. ताई म्हणाल्या, "काकांना माजा नमस्कार सांगा. पन आता दुसऱ्यासाठी शिजवायला हात धजत नाय." कंटेनर यार्डाच्या कँटीनमध्ये त्या भांडी घासायला लागल्या होत्या. काकांनी पुढे खानावळ लावली. जेवण अर्धंच जातं, असं एकदा लिफ्टमध्ये म्हणाले.

पावसाळ्यानंतर उरणकडच्या एका लहान मुलीचा नमुना आला. जीनोम वाचला आणि तो त्याच भावकीतला निघाला. मुलगी बरी होऊन घरी गेली, एवढं मी हॉस्पिटलला फोन करून विचारून घेतलं. कंपनीला दुसरं पत्र गेलं आहे. पहिल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.