खुर्चीविरुद्ध एक सूचना

कर्मचारी क्रमांक ०४१७. नाव : भीमराज ओव्हाळ. वय : अठ्ठेचाळीस. राहणार : दापोडी. पदनाम : सहायक पर्यवेक्षक, तपासणी. कामाचे स्वरूप : इतरांच्या कामावर लक्ष ठेवणे. सदर कर्मचाऱ्याची कामातील प्रेरणा टिकावी म्हणून त्यास काचेची केबिन, खुर्ची व पंखा पुरविण्यात आला आहे.

प्रेरणा टिकली नाही.

त्याआधी एकवीस वर्षं भीमराज चाकणच्या या कारखान्यात ब्रेकचे ओतीव ड्रम हातोडीने ठोकून तपासत होता. चांगला ड्रम घंटेसारखा घुमतो, तडकलेला नुसता ठक्क करतो. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याच्या कानाला ऐकू यायची. या गुणाची कदर म्हणून कंपनीने त्याला बढती देऊन अशा जागी बसवलं, जिथे काही ऐकू येत नव्हतं. बायकोने, रंभाने, गल्लीभर पेढे वाटले. त्यामुळे तक्रार करायचीही सोय राहिली नाही.

कारखान्यात प्रत्येकाने दरमहा एक सुधारणा सुचवायची असते. चिठ्ठीवरचं नाव झाकून समिती निवड करते. बहुतेकजण 'कचऱ्याचा डबा डावीकडे ठेवावा' असं लिहितात आणि पुढच्या महिन्यात तोच डबा उजवीकडे नेतात. केबिनमध्ये तीन महिने काढल्यावर भीमराजने लिहिलं : 'अडचण : तपासणीत एक माणूस नुसता बसून असतो. उपाय : त्याला उठवून ड्रम ठोकायला लावावे.'

समितीला सूचना फार आवडली. पहिला नंबर दिला आणि मग नाव उघडलं.

एचआरच्या मिनल मॅडमनी बोलावलं तेव्हा भीमराजला एकच धास्ती होती. हा चावटपणा समजून घरी बसवलं तर?

"काका, तुम्ही स्वतःचीच पोस्ट उडवलीत, कळतंय का?"

"कळूनच लिहिलं मॅडम."

"अहो, लोक वर जायला जिवाचं रान करतात!"

"जाऊ द्या की त्यांना. ड्रम खाली असतात." मग म्हणाला, "दापोडीच्या स्टॉपवर बस येऊन थांबते ना, तेव्हा वाटतं, हिचा ड्रम आपण ऐकलेला असणार. केबिनमध्ये बसून काय वाटायचं?"

मिनलने चिठ्ठी पुन्हा वाचली. "सोमवारपासून या खाली. पगाराला हात लागणार नाही, ते मी बघते."

घरी सांगायला त्याने जेवण होईपर्यंत वेळ काढला. रंभा ताट उचलता उचलता म्हणाली, "सुटले बाई एकदाची! तीन महिने झाले, माझी पातेली ठोकून ठोकून बघताय. शेजारीण विचारत होती, भांडी विकायला काढलीत का."

"आणि पेढे वाटलेस ते?"

"खाल्ले लोकांनी. आता काय परत मागायचेत?"

त्या रात्री भीमराज गाढ झोपला.

बढती मागे घेण्याचा फॉर्म कंपनीकडे नाही. सबब, सदर कर्मचारी कागदोपत्री अद्याप सहायक पर्यवेक्षक आहे. सोमवारी पहिल्या तासात त्याने चार ड्रम बाजूला काढले. चारही तडकलेले होते.