जुन्या गोधडीचा चौथा कोपरा

गेल्या महिन्यात मी खारघरहून तळोज्याला जाऊन आलो. अंतर जेमतेम एका तासाचे. तरीही आजवरच्या कोणत्याही प्रवासाला मी इतका भ्यालो नव्हतो. जुन्या कपड्यांची गोधडी शिवून घेण्यासाठी कुणी तिकडे निघणार असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

कारण आधी सांगितले पाहिजे. माझ्या आईची स्मृती विरत चालली आहे. ती मला कधी ओळखते, कधी आप्पा समजते. आप्पा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तो आता हयात नाही. असे झाले की मी तत्काळ दुरुस्ती करतो: "आई, मी विनायक." कुणाची चूक तशीच सोडणे मला जमत नाही, आईने वार चुकवला तरी मी तो बरोबर करून देतो.

तिची एक लहानशी, मांडीपुरती गोधडी आहे. ती हातात असली की आई शांत असते. पण गोधडी इतकी झिजली की आई तिचे दोरे उपसून तोंडात घालू लागली. एका दुपारी तिला ठसका लागला आणि ओठ निळे पडले. माझी पत्नी सुनीता हिने पाठीत धपाटे घालून दोरा बाहेर काढला. मी शेजारीच उभा होतो. माझे हात हलले नाहीत. डॉक्टरांनी गोधडी काढून टाकायला सांगितले. काढून टाकली, तर आई काय धरून बसणार?

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंनी तळोज्यातल्या कौसाबाईंचे नाव सांगितले. मी फोनवर विचारले, "एका दिवसात होईल का?"

"मांडीपुरतीच हाय न्हवं? चौघीजनी बसतो. दिवस मावळायच्या आत घेऊन जावा."

आदल्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला आणि आईच्या जुन्या सुती साड्यांचे सहा इंची तीस चौकोन कापले: तीन फूट बाय अडीच फूट. प्रत्येक चौकोन पट्टीने दोनदा मोजला.

आई आंघोळीला गेली की तेवढाच वेळ गोधडी तिच्या हातून सुटते. त्या सकाळी तेवढ्यात ती पिशवीत घालून मी चोरासारखा बाहेर पडलो. सेंट्रल पार्क स्थानकावरून मेट्रोने पेंधर हे शेवटचे स्थानक गाठावे; डब्यात बसायला जागा मिळते आणि डावी-उजवीकडे उंच इमारती संपून डोंगर दिसू लागतात. मी डोंगर फारसे पाहिले नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पेंधरहून पुढे शेअर रिक्षा मिळते. रस्त्यावर टँकरची रांग असते आणि हवेत रसायनांचा उग्र वास. नाकाला रुमाल असू द्यावा.

कौसाबाई साठीच्या, मूळच्या लातूरकडच्या. चाळीसमोरच्या ओट्यावर त्या, त्यांची सून पूजा आणि दोन शेजारणी सुया ओवून तयारच होत्या. मी आराखडा पसरला. कौसाबाईंनी एक चौकोन उचलून बोटांत फिरवला.

"भाऊ, दुमडायला किती धरलं?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी चौकोनाच्या चारही कडा आत मुडपून दाखवल्या. सहा इंचांचे पाच झाले. माझी तीन फुटांची गोधडी सहा इंचांनी आखूड ठरली, आणि विरलेल्या साड्यांत कापण्याजोगे कापड उरलेच नव्हते.

"शिकल्याली मानसं!" कौसाबाई म्हणाल्या आणि चौघी पोट धरून हसल्या.

"काका, टेन्शन नका घेऊ," पूजा म्हणाली. "आमी काय पट्टीनं मोजत नाय. पुरेल तिथपर्यंत लावायचं, मग दुसरं काहीतरी जोडायचं."

मला हसू आले नाही. माझ्या मनात एकच विचार होता: ही गोधडी आई ओळखणार नाही.

त्यांनी तुकडे ओट्यावर ओतले. कौसाबाई न बघताच एकेक उचलून लावत होत्या. हिरव्याला जांभळा, फुलांना चौकडी, काही तिरपे, काही अर्धे. "सासू म्हनायची, कडंपासनं शिवत आत यायचं," त्या म्हणाल्या. "म्या मदनंच सुरू करते. सासू हाय कुटं बगायला?"

मग त्यांनी पिशवीतली जुनी गोधडी काढली. ती मी केवळ नमुन्यासाठी आणली होती. "ही पोटात घालायची. जुनी वाकळ टाकत नसत्यात, नवीच्या पोटात जाती."

"डॉक्टरांनी टाकायला सांगितलंय. आई दोरे ओढते."

"पोटातलं कसं वढंल?"

तेवढ्यात सुनीताचा फोन आला. "आई दोन मजले खाली सापडल्या. जिन्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, गोधडी वाळत घातलीय, ती आणायला निघाले. मी भाजी परतत होते हो, दोन मिनिटं फक्त."

"दाराची वरची कडी लाव," एवढेच मला सुचले. त्यानंतर मी दर काही मिनिटांनी फोन पाहत राहिलो. दुपारी पूजाने भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवण उत्तम असणार, मला चव लागली नाही.

कौसाबाई जुन्या गोधडीवरून हात फिरवत होत्या. एका कोपऱ्याशी त्या थांबल्या. तो काळसर, तुळतुळीत झाला होता.

"ह्यो कोपरा कुनाच्या बोटात असतो?"

मी पाहिले. आई तो अंगठ्याने चोळत बसते. रोज माझ्यासमोर चोळते. मी ते कधी नोंदलेच नव्हते.

"मग ह्यो भाईरच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. तो कोपरा त्यांनी नव्या गोधडीच्या चौथ्या टोकातून बाहेर काढला आणि त्यावर इतके दाट टाके घातले की ओढायला एक दोरा सुटा राहिला नाही. कोपरा तिरका आला होता. कडा तर आधीच वेड्यावाकड्या होत्या. एका बाजूला पूजाच्या जुन्या ओढणीची पट्टी जोडली होती.

"सरळ करता नाही येणार?" मी विचारले.

"सरळ केला तर त्यो कोपरा ऱ्हाईल का, भाऊ?"

मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि घासाघीस करू नये, एवढे वाचकांना सांगतो. परतीच्या मेट्रोत मी स्थानके मोजत होतो.

सूर्य कलला तेव्हा घरी पोहोचलो. आई खिडकीपाशी बसली होती, बोटांनी पदर चुरगाळत. मी गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती ढकलून दिली. सुनीताने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा ठेवली. आईने ओढणीच्या पट्टीवर हात फिरवला आणि तोंड वाकडे केले. पहिला कोपरा चाचपला, सोडला. दुसरा सोडला. तिसराही. चौथ्यावर अंगठा गेला आणि फिरू लागला.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "आप्पा, वाकडी शिवलीस रे."

मी तोंड उघडले होते. ते तसेच मिटले आणि तिच्याजवळ बसलो. "हो," मी म्हणालो. "वाकडीच झाली."

माझी भीती कमी झालेली नाही. उद्या आप्पाही तिला आठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो अंगठा मात्र अजून फिरतो आहे आणि दोरा एकही निघालेला नाही. अशी गोधडी शिवून घेऊ पाहणारे तिचे नेमके माप विचारतील. ते माझ्याकडे नाही. मी ती मोजलेली नाही.