बाबांनी कॉम्प्युटरला सांगितलेलं

मुलुंडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा बाबांची गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तिथे ते मागावर कापड विणत. आता विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन होते. घरी फारसं बोलत नसत.

फावल्या वेळात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आपण काही टाइप केलं की त्यातलाच एखादा शब्द उचलून मशीन पुढचा प्रश्न विचारी. काही जमलं नाही तर ‘आणखी सांगा’ म्हणे. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी. एका रविवारी सकाळी क्लास रिकामा होता, म्हणून बाबांना दाखवायला घेऊन गेले. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नसत. ते सांगत, मी टाइप करी आणि मशीनचा प्रश्न वाचून दाखवी.

आधी त्यांनी लाजत गावाचं नाव सांगितलं, मग कामाचं. ‘माग म्हणजे काय?’ मशीननं विचारलं, आणि बाबा सुरू झाले. धागा तुटणार हे त्यांना आवाजावरूनच आधी कळायचं. गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी आपला माग पुसून ठेवला होता, जणू उद्या परत कामावर यायचंय. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझी बोटं थांबली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “ह्येका खरा कळता काय गो?”

नाही, म्हणाले मी. ते फक्त शब्द उचलतं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसती मान डोलावली.

“आमी पण ‘माग रुसलो’ म्हणायचो,” ते म्हणाले. “पण गिरण बंद झाली तेव्हा त्येका काय वाटला नाय. आमका वाटला.”

आधी मीच ‘नाही’ म्हटलं होतं, पण आता हट्टाला पेटले. मशीन असो की माणूस, दुसऱ्याला आतून काय वाटतं, हे बाहेरून कसं कळणार? तुमच्या मनात एवढं होतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

“तू कधी विचारलंस?” ते हसून म्हणाले.

मशीनबद्दलचा माझा प्रश्न तसाच राहिला. आजही त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. पण स्टेशनकडे चालताना मी बाबांना गिरणीतल्या त्यांच्या पहिल्या पाळीबद्दल विचारलं. घरी पोचलो तरी ते सांगतच होते, आणि आई हातात भाताचा डाव घेऊन तशीच ऐकत उभी राहिली.